राष्ट्राध्यक्षांचा शेवटचा दात

अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भाच्याच्या किंवा पुतणीच्या पाकिटात एक डॉलरची नोट सापडली, तर ती जरा निरखून पाहा. नोटेवरचे जॉर्ज वॉशिंग्टन ओठ घट्ट मिटून बसले आहेत. तोंडाभोवतीचा भाग किंचित फुगलेला, हनुवटी ताणलेली. पाहणाऱ्याला वाटावे, गृहस्थ कशावर तरी चिडले आहेत. हा चेहरा गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ साली रंगवला. तेव्हा वॉशिंग्टन चौसष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्या तोंडात कवळी होती. वरची आणि खालची कवळी मागच्या बाजूला स्प्रिंगांनी जोडलेली असे. त्या स्प्रिंगा सतत तोंड उघडायला पाहत आणि ते मिटलेले ठेवायला जबडा आवळून धरावा लागे. नोटेवर दिसतो तो राग नव्हे, दाबून धरलेली कवळी आहे.

वॉशिंग्टन यांचे दात लाकडाचे होते, अशी एक दंतकथा (या शब्दाला इथे दुसरा पर्याय नाही) अमेरिकेतल्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्यांच्या ज्या कवळ्या आज उपलब्ध आहेत त्यांपैकी एकीतही लाकूड नाही. त्यांत पाणघोड्याच्या दातांचे हस्तिदंत आहे, शिसे आहे, सोने, पितळ आणि पोलाद आहे, गायीघोड्यांचे दात आहेत आणि माणसांचेही दात आहेत. हस्तिदंताला बारीक चिरा पडतात, त्यांत चहा-वाइनचा रंग मुरतो आणि ते लाकडाच्या रेषांसारखे दिसू लागते. गैरसमज बहुधा तिथूनच सुरू झाला.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. पुढे सैन्य, शेती, स्वातंत्र्ययुद्ध आणि राष्ट्राध्यक्षपद हा सगळा प्रवास इतिहासाच्या पुस्तकांत मिळतो. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत मात्र त्याच आयुष्याची दुसरी एक कथा आहे. १७५६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, दात काढण्यासाठी डॉक्टर वॉटसन यांना पाच शिलिंग दिल्याची नोंद त्यांत आहे. त्यानंतरच्या वर्षांत लंडनहून मागवलेले दातांचे ब्रश, दंतमंजन आणि हिरड्यांना लावायचे अर्क यांच्या नोंदी येत राहतात. म्हणजे दात घासायचा आळस होता असे मुळीच नाही. त्या काळच्या मानाने ते दातांची पुष्कळ काळजी घेत. तरीही एकेक दात जात राहिला.

का गेला, हे कळण्यासाठी दाताची रचना थोडी पाहावी लागेल. वर दिसते ते इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, पण जिवंत नसल्याने एकदा झिजला की पुन्हा तयार होत नाही. त्याच्या खाली डेंटिन, आणि त्याच्या आत मगज, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, आम्ल इनॅमल विरघळवते, खड्डा डेंटिनमध्ये शिरतो आणि शेवटी मगजापर्यंत पोहोचतो. मगजाला सूज आली की तिला पसरायला जागा नसते, कारण चारही बाजूंनी कठीण भिंती असतात. रात्र जागवणारी ती ठणक इथून येते. पुढे मगज मरतो, संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो आणि गाल सुजतो. इतके झाल्यावर वॉटसन यांच्यापाशी एकच इलाज होता. तो म्हणजे चिमटा.

दुसरा इलाज कुणाला सुचलाच नव्हता असेही नाही. वॉशिंग्टन यांच्या जन्माच्या चार वर्षे आधी, १७२८ साली, पॅरिसमध्ये पिएर फोशार या शल्यवैद्याचा दंतवैद्यकावरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. दातात खरोखरच किडा असतो आणि तोच दात पोखरतो, असे तोपर्यंत सर्रास मानले जात असे. फोशारने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, त्याला किडा दिसला नाही. त्याने बोट दाखवले ते साखरेकडे. (आपण मात्र आजही दाताला कीड लागली असेच म्हणतो, आणि दवाखान्यात मीही तेच म्हणतो.) याच ग्रंथात एक युक्ती दिलेली आहे. दाताचा वरचा भाग मोडून गेला पण मूळ हाडात घट्ट असेल, तर ते मूळ काढायचे नाही. त्यात सोन्याची किंवा चांदीची खुंटी बसवायची आणि त्या खुंटीवर नवा दात चढवायचा. आज आपण ज्याला क्राऊन किंवा बोलीत कॅप म्हणतो, तिची ही पणजी.

पुढच्या काळात अशा खुंट्या लाकडाच्याही होऊ लागल्या. सुके लाकूड मुळात ठोकले की लाळेने फुगे आणि घट्ट बसे. कधी इतके फुगे की मूळच उभे चिरून जाई. पण खरी अडचण निराळी होती. आतला संसर्ग काढायचे तंत्र नव्हते. सडलेल्या मुळावर दात ठोकला म्हणजे गळवाचे तोंड बूच मारून बंद केल्यासारखे होई, आणि काही दिवसांत जबडा सुजे. जिवाणू माहीत नव्हते, क्ष-किरण नव्हते. बधिर करण्याची सोय तर शंभर वर्षे दूर होती. ईथरची भूल देऊन केलेली बोस्टनमधली प्रसिद्ध शस्त्रक्रिया १८४६ सालची. त्यामुळे खुंटीचा दात बहुतेक समोरच्या दातांपुरता आणि दिसण्यापुरताच राहिला. चावणारी दाढ वाचवणे कुणाच्या हाती नव्हते.

स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तोवर वॉशिंग्टन यांच्या तोंडातले बरेच दात गेले होते. उरलेल्या दातांना तारेने बांधलेले कृत्रिम दात त्यांना जॉन बेकर या दंतवैद्याने करून दिले. या बेकरला त्यांनी मे १७८१ मध्ये छावणीतून एक पत्र लिहिले आणि दात साफ करण्याची खरवडणी पाठवण्यास सांगितले. आपण लवकर फिलाडेल्फियाकडे येण्याची शक्यता नाही, हेही ओघात लिहिले. ही डाक इंग्रजांनी वाटेतच पकडली आणि पत्र त्यांच्या सेनापतीच्या, सर हेन्री क्लिंटन यांच्या, दप्तरात जाऊन पडले. अमेरिकन सैन्य न्यूयॉर्कजवळच थांबणार, या क्लिंटनच्या समजाला त्याने दुजोरा मिळाला असावा असे काही इतिहासकार मानतात. प्रत्यक्षात त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन फिलाडेल्फियावरूनच दक्षिणेकडे निघाले आणि ऑक्टोबरात यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि मराठे व निजाम यांना बरोबर घेऊन टिपूशी लढला. एका खरवडणीच्या मागणीला युद्ध जिंकल्याचे श्रेय देणे अतिशयोक्तीचे होईल. पण सेनापतीच्या दातांची चिंता शत्रूच्या दप्तरात पोहोचली, एवढे मात्र खरे.

यानंतरचा भाग लिहिताना हात थोडा अडखळतो. युद्ध संपत आले तेव्हा वॉशिंग्टन यांच्याकडे ल मेयर नावाचा एक फ्रेंच दंतवैद्य येऊ लागला. एका माणसाचा दात उपटून तो ताबडतोब दुसऱ्याच्या हिरडीत रोवणे ही त्याची खासियत. त्या काळी युरोपातही याची लाट होती, आणि लंडनचा नामवंत शल्यवैद्य जॉन हंटर याचा तिला पाठिंबा होता. असा दात काही महिने, फार तर थोडी वर्षे टिके आणि मग गळून पडे. कारण परका दात शरीर आपला मानत नाही. शिवाय दात देणाऱ्याचे रोग दाताबरोबर येत, उपदंशसुद्धा. पुढच्या चांगल्या दाताला दोन गिनी देऊ, अशा जाहिराती ल मेयर वर्तमानपत्रांत देत असे.

माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरच्या हिशेबात मे १७८४ ची एक नोंद आहे. ल मेयर यांच्या कामासाठी नऊ दात, ते देणाऱ्या कृष्णवर्णीयांना सहा पौंड दोन शिलिंग. म्हणजे दाताला साधारण साडेतेरा शिलिंग, जाहिरातीतल्या दोन गिनींच्या जवळपास एक तृतीयांश. मळ्यावर राबणारे हे लोक वॉशिंग्टन कुटुंबाच्या मालकीचे गुलाम होते. नोंदीत नऊ हा आकडा आहे, नावे नाहीत. पैसे दिले म्हणून हा सौदा होता असे कुणी म्हणेल. मालकाला नाही म्हणण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्याशी सौदा होत नाही. हिरडीत घट्ट बसलेले ते नऊ निरोगी दात भुलेविना उपटले गेले असणार, आणि त्यांच्या जागी त्या माणसांना कवळी कुणी करून दिली नाही.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. खालच्या जबड्यातली, डावीकडची एक उपदाढ. त्याच वर्षी जॉन ग्रीनवूड या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने त्यांच्यासाठी कवळी घडवली. हा ग्रीनवूड लहान वयात त्यांच्याच सैन्यात बासरी वाजवायला होता. चरख्याच्या धर्तीवर पायाने चालणारे दात कोरण्याचे यंत्र बनवण्याचे श्रेय दंतवैद्यकाच्या इतिहासात त्यालाच दिले जाते. त्याने पाणघोड्याचे हस्तिदंत कोरून खालच्या कवळीचा पाया केला, त्यात माणसांचे दात बसवले आणि एका जागी आरपार भोक ठेवले. त्या भोकातून ती एकुलती उपदाढ वर येई आणि कवळीला खुंट्यासारखी धरून ठेवी.

मला या सगळ्या हकिकतीत ते भोक सर्वांत बोलके वाटते. ग्रीनवूडला एकसंध कवळी करणे सोपे गेले असते. एक दात उपटला की काम संपले. पण जिवंत मुळावर उभ्या असलेल्या एका दाताची किंमत त्याला कळत होती. दात हाडात नुसता रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. चावताना पडणारा दाब तो झेलतो, हाडाला जागते ठेवतो आणि घासात खडा आला की क्षणात मेंदूला कळवतो. दात काढला की त्या जागेचे हाड विरघळू लागते, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त आणि मग आयुष्यभर थोडेथोडे. आज चपखल बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते ती यामुळेच. कवळी तीच राहते, जबडा मात्र आटतो. वॉशिंग्टन यांच्या पत्रांत कवळीच्या तक्रारी वारंवार येतात. ती ओठ पुढे ढकलते, चेहरा फुगल्यासारखा दिसतो, अमुक ठिकाणी तासून द्या. त्यांची न्याहारीही ठरलेली असे, मक्याच्या पिठाचे घावन, त्यावर भरपूर लोणी आणि मध. चावायला मऊ, आणि उरल्यासुरल्या दाताला मधाचा मुलामा.

आज चोवीस वर्षांचा एखादा तरुण तशीच ठणकणारी दाढ घेऊन आला, तर बहुतेक वेळा ती वाचते. आधी रूट कॅनाल, म्हणजे मुळातला मेलेला मगज काढून आतली नळी साफ करून बंद करणे. फोशारच्या खुंटीला जमत नव्हते ते हेच. ठणक थांबते आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ जण दवाखान्याकडे पाठ फिरवतात. दुखत नाही, मग कॅपचा खर्च कशाला? पण किडीने आणि उपचाराने मिळून दाढेचा मधला गाभा गेलेला असतो. छप्पर गेलेल्या वाड्याच्या भिंती नुसत्या उभ्या असतात, पहिल्या मोठ्या पावसापर्यंत. चावताना वरच्या दाढेची टोके या दाढेच्या मध्यात पाचरीसारखी शिरतात आणि भिंती बाहेर ढकलतात. एखादी चिक्की, एखादा सुपारीचा खांड, आणि दाढ उभी चिरते. चीर हिरडीखाली, मुळापर्यंत गेली की मग आमच्याकडेही वॉटसन यांचाच इलाज उरतो.

कॅप नेमके काय करते? बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी धाव बसवतात, ती आरे आणि पाटे एकत्र आवळून धरते. कॅप दाढेला तशीच चहूबाजूंनी आवळते. त्यासाठी दाढ सगळीकडून साधारण एक ते दोन मिलिमीटर तासावी लागते, मग माप किंवा स्कॅन घेतला जातो, तात्पुरती कॅप लावली जाते आणि पुढच्या खेपेला कायमची कॅप सिमेंटने बसवली जाते. कॅप धातूची, धातूवर पोर्सेलीन चढवलेली किंवा झिर्कोनियाची असते. कुठली हे दाढेची जागा, चावण्याचा जोर आणि खिसा पाहून ठरते. मात्र धाव बसायला चाक हवे, तसे कॅप धरायला हिरडीच्या वर सुमारे दोन मिलिमीटर तरी निरोगी दात सर्व बाजूंनी शिल्लक हवा. म्हणून उशीर महागात पडतो. सहा महिन्यांपूर्वी कॅप बसली असती ती दाढ आज नुसता ठोंबा झालेली असते.

प्रत्येक दाताला कॅप हवी, असे मात्र नाही. लहान खड्ड्याला फिलिंग पुरते. रूट कॅनाल केलेला समोरचा दात बाकी शाबूत असेल तर अनेकदा कॅपशिवाय नीट चालतो, कारण त्याच्यावर दाढेसारखा दळण्याचा भार नसतो. तासलेले इनॅमल परत येत नाही, तेव्हा दाताला कॅप का हवी, हे आधी विचारून घ्यावे. आणि कॅप बसली म्हणजे विषय संपला असेही समजू नये. कॅप किडत नाही, पण कॅपची कड जिथे दाताला मिळते तिथला खालचा दात किडतो. ब्रश आणि दातांमधला दोरा त्या कडेपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

वॉशिंग्टन यांची ती उपदाढ राष्ट्राध्यक्षपदाची जवळपास दोन्ही पर्वे टिकली. सगळी कवळी पेलून पेलून ती हलू लागली आणि १७९६ साली ग्रीनवूडने ती काढली. त्यानंतर सगळा भार स्प्रिंगांवर आणि आटत चाललेल्या जबड्यावर आला. पुढच्या वर्षी ते पद सोडून माउंट व्हर्ननला परतले, पण कवळ्यांचा पत्रव्यवहार सुटला नाही. दुरुस्तीसाठी कवळी डाकेने न्यूयॉर्कला जाई आणि परत येई. डिसेंबर १७९८ मध्ये ग्रीनवूडने त्यांना कळवले की आलेला संच फार काळा पडला आहे, तो पोर्ट वाइनमध्ये बुडवून ठेवल्यामुळे किंवा ती वाइन पिण्यामुळे. वाइन आंबट असते, ती चकाकी उतरवते. तेव्हा वाइन पिताना दुसरा संच वापरावा, किंवा पिऊन झाल्यावर कवळी लगेच काढून स्वच्छ करावी. दोनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला मी आजही देतो, फक्त पोर्ट वाइनच्या जागी कोला आणि लिंबूपाणी म्हणतो.

१२ डिसेंबर १७९९ रोजी बर्फ आणि गारांच्या माऱ्यात वॉशिंग्टन मळ्यावर घोड्यावरून फिरले. घसा धरला, श्वास कोंडू लागला. डॉक्टरांनी त्या काळच्या रिवाजाने पुन्हा पुन्हा रक्त काढले आणि १४ तारखेच्या रात्री त्यांचे निधन झाले. त्या वेळी माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ जण वॉशिंग्टन यांच्या स्वतःच्या मालकीचे होते, आणि पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांना मुक्त करावे असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. मार्था वॉशिंग्टन यांनी तेवढी वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांना मोकळे केले.

१७९६ मध्ये निघालेला तो दात ग्रीनवूडने फेकला नाही. काचेच्या एका छोट्या डबीत बंद करून त्याने तो आपल्या घड्याळाच्या साखळीला अडकवला. तो दात आणि ती भोक पाडलेली खालची कवळी या दोन्ही वस्तू न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या संग्रहात आहेत.